शामकलाची बारावी खुर्ची

शामकला नक्की काय करते, हे गोंदियाजवळच्या कुडव्यात कोणालाच धड सांगता यायचं नाही. सकाळी शाळेत शिकवते, हे सगळ्यांना दिसायचं. शनिवारी शाळा सुटली की स्कूटीला पिशवी अडकवून दवनीवाड्याकडे नाहीतर कोहमाऱ्याकडे निघते, हेही दिसायचं. पण तिकडे जाऊन करते काय? दूधवाला म्हणायचा, बचत गटाची मॅडम आहे. तिची घरमालकीण म्हणायची, नन आहे, साडीतली. नन नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न तयारच असायचा, मग लग्न काऊन नाही केलं? या दोन्हींच्या मधे एखाद्या बाईला उभं राहायला जागा असते, हे आमच्या गल्लीच्या पचनी पडत नव्हतं.

मी तिची शेजारीण, त्यात जिल्हा परिषदेची मास्तरीण, म्हणून लोक मला गाठायचे. मी सांगायचे, "ती थिऑलॉजी शिकलेली आहे. म्हणजे देवाधर्माचा अभ्यास. कॅथलिक लोकांच्या देवाधर्मात बायकांची जागा कुठे आहे, ते ती शोधते." ऐकणारा समजल्यासारखी मान हलवायचा आणि विचारायचा, "पर इसमें नौकरी लगती है क्या?"

मी स्वतः बौद्ध. आमच्याकडे देवच नाही, त्यामुळे त्याच्या शेजारी कोणी बसायचं हा तंटाही नाही, असं मी तिला मोठ्या ऐटीत ऐकवलं होतं. ती म्हणाली, "बरं आहे. मग तुमच्या विहारात कार्यक्रम संपला की सतरंज्या कोण उचलतं, अल्का?" सतरंज्या आम्ही बायकाच उचलतो. मला तिचा राग आला आणि दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे चहाला गेले. आमची मैत्री ही अशी सुरू झाली.

तिचे वडील राइस मिलमध्ये पोती वाहायचे आणि आई विड्या वळायची. घरात छत्तीसगडी बोलायचे, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. तिचे आजोबा छत्तीसगडात मिशनच्या दवाखान्यात बरे झाले आणि कॅथलिक होऊन गोंदियाला आले. शामकला या घरातली पहिली मॅट्रिक, पहिली पदवीधर आणि पहिली नोकरदार. १९९९ साली तिनं शाळेतून दोन वर्षांची रजा काढली आणि पुण्याला जाऊन थिऑलॉजीच्या वर्गात बसली, तेव्हा घरचे लोक अवाक् झाले. त्या वर्गात जवळजवळ सगळे फादर होऊ घातलेले तरुण. येशूच्या शेवटच्या जेवणावर व्याख्यान चालू असताना तिनं हात वर करून विचारलं, "त्या रात्री भाकरी कोणी भाजली होती?" प्राध्यापक म्हणाले, त्याचा उल्लेख नाही. ही म्हणाली, "उल्लेख नाही म्हणूनच विचारते, सर." वर्ग हसला. तिला तो हशा कायम आठवतो, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे तिचा खरा अभ्यास त्या हशापासून सुरू झाला.

पदवी घेऊन ती परत आली आणि तिनं खेड्यांतल्या बायकांचे वर्ग सुरू केले. वर्ग म्हणजे कोणाच्या तरी अंगणातली चटई. कॅथलिक घरं मोजकीच, पण इतर बायकाही येऊन बसायच्या. शामकला बायबलमधली एखादी गोष्ट सांगायची आणि विचारायची, "या गोष्टीत आपण असतो, तर कुठे असतो?" सुरुवातीला सगळ्या गप्प. मग दवनीवाड्याची कुसुमबाई, जिच्या अंगणात वर्ग भरायचा, ती एकदा म्हणाली, "आपण कुठं असतो म्हंजे? मांगं, चुलीपाशी. येशूची गोष्ट आपल्याले आयकू बी आली नसती." त्या दिवसापासून बायका बोलायला लागल्या. भाताच्या रोवणीच्या दिवसांत कंबर मोडेस्तोवर चिखलात वाकून आलेल्या बायका संध्याकाळी तिथे येऊन वाद घालायच्या. नवरे म्हणायचे, ही बाई आमच्या घरात भांडणं लावून राहिली. त्यात थोडं तथ्य होतं, उगाच नाही म्हणू नये.

या वर्गांवर तिचा जीव होता. शाळेची नोकरी पोटासाठी होती. शनिवार तिच्यासाठी होता. आणि तो शनिवारच धोक्यात आला.

झालं असं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये एक विधी असतो. येशूनं शेवटच्या जेवणाआधी आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून फादर त्या संध्याकाळी बारा जणांचे पाय धुतात. बारा खुर्च्या मांडतात, त्यावर बारा पुरुष बसतात. पुरुषच का, तर नियमात पुरुष लिहिलं होतं. पुढे २०१६ मध्ये रोमहूनच हा नियम बदलला, पण ही गोष्ट त्याच्या आधीची. शामकलानं २००८ मध्ये एका छोट्या हिंदी मासिकात लेख लिहिला. लेखात एवढंच विचारलं होतं, की चिखलातले पाय, भेगा पडलेले पाय, पाण्याच्या हंड्याखाली चालणारे पाय त्या खुर्चीपाशी का पोचत नाहीत.

लेख मासिकाच्या वर्गणीदारांपेक्षा जास्त लोकांनी वाचला. तक्रार झाली. तक्रार करणारे होते टिकाराम, दवनीवाड्याचे शेतकरी, चर्चच्या समितीचे जुने सभासद, आणि शामकलाचे सख्खे मामा.

टिकाराममामांना मी ओळखत होते. चांगला माणूस, पण एकदा मान आडवी हलवली की ती उभी हलवायला बैलजोडी लागावी. ते दर वर्षी त्या बारांतल्या शेवटच्या खुर्चीवर बसायचे. पहिल्या खुर्चीवर बसणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत. आणि शेवटच्या खुर्चीकडे सगळे जास्त वेळ बघतात, हे माझं. त्यांची तक्रार वर, बिशपांपर्यंत गेली. वरून शामकलाला समज आली, की वर्ग चालू राहू देत, पण पाय धुण्याच्या विषयावर पुन्हा एक जरी तक्रार आली, तर वर्ग कायमचे बंद.

आता गंमत ऐका. ज्या मामानं तक्रार केली, तोच मामा शामकला घरी आली की परातीत पाणी घेऊन तिचे पाय धुवायचा आणि त्या पायांवर डोकं टेकायचा. आमच्या भागात, विशेषतः छत्तीसगडी घरांत, भाचा-भाची म्हणजे देवाच्या ठिकाणी. पंचाहत्तरीचा मामा पाच वर्षांच्या भाचीच्या पाया पडेल. भाचीनं मामाच्या पायाला हात लावला, तर पाप मामाला लागतं. कॅथलिक झाले, मूर्ती गेल्या, सण बदलले, पण हे काही गेलं नाही. तक्रार करून आल्यावरसुद्धा मामांनी त्या दिवाळीला तिचे पाय धुतले. शामकला पाय परातीत ठेवून म्हणाली, "मामा, घरात धुता, अन् चर्चमध्ये चालत नाही?" मामा म्हणाले, "ते वेगळं, हे वेगळं. पाय हलवू नोको."

तिनं तोंड मिटलं. चार वर्षं तिनं पायांविषयी अवाक्षर काढलं नाही. मला तिचा राग यायचा. मी म्हणायचे, लढ की. ती म्हणायची, "अल्का, एका संध्याकाळच्या एका खुर्चीसाठी मी कुसुमबाईचं अंगण गमावू? तिथे बायका पहिल्यांदा बोलून राहिल्या. ते गेलं तर माझ्याजवळ काय उरेल?" यावर मी आणखी चिडायचे.

२०१२ चा गुरुवार आला. त्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर चर्चला गेले होते. ख्रिसमसला आणि या गुरुवारी मी जायचेच, शेवटच्या बाकावर बसायचे. नवे फादर कुरियाकोस केरळचे, मनानं मोकळे, आणि नेमके आदल्याच आठवड्यात कोहमाऱ्याच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बसलेले. डाव्या हातानं पाणी ओतता येत होतं, पण पाय धरायला आणि पुसायला दुसरं कोणीतरी हवं. हे काम चर्चचा सेवक छोटेलाल करणार होता. पण बारांतल्या एका रेल्वे गार्डला ऐन वेळी ड्युटी लागली आणि बाराचा आकडा भरायला छोटेलालला खुर्चीवर बसवलं. फादरनी इकडे तिकडे बघितलं. पुढच्या बाकावर शामकला दिसली.

"शामकलाजी, तौलिया आप पकडिये."

तिचा चेहरा पांढरा पडला. या विधीच्या आसपास फिरकायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण फादर हात पुढे करून उभे, सगळं चर्च बघतंय. ती उठली. कोणी हरकत घेतली नाही. घेणार कशी? पुसायला बाई चालत होतीच, पुसून घ्यायला चालत नव्हती.

एकेक खुर्ची पुढे सरकत होती. फादर पाणी ओतायचे, शामकला गुडघ्यावर बसून पाय धरायची, पुसायची. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं अचानक माझा हात घट्ट दाबला आणि पुटपुटली, "अवो, टिकाराम बसला आहे ना शेवटी!"  केरळच्या फादरना मामा-भाचीचं काय माहीत? आणि शामकलाला माहीत होतं, पण ती इतकी घाबरलेली होती, की तिला समोर फक्त पाय दिसत होते, माणसं दिसत नव्हती. नंतर मी तिला शंभरदा विचारलं, तुला खरंच लक्षात नव्हतं? तिनं बायबलवर हात ठेवून सांगितलं, नव्हतं. मी विश्वास ठेवला आहे.

ती बाराव्या खुर्चीपाशी आली आणि पायाकडे हात नेला. मामांनी विंचू दिसावा तसे दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले.

"मोर गोड झन छू, बेटी!" ते ओरडले. माझे पाय शिवू नको. "पाप परही!"

शामकला तशीच गुडघ्यावर. फादर तांब्या हातात घेऊन उभे, त्यांना काहीच कळेना. ते म्हणाले, "क्या हुआ, टिकारामजी? पैर नीचे रखिये."

मामा पाय खाली ठेवायला तयार नव्हते आणि भर विधीत पाय वर घेऊन बसणंही शोभत नव्हतं. त्यांनी त्या क्षणी जे केलं, ते विचार करून केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. जन्मभर घरी जे करत आले तेच केलं. ते खुर्चीवरून उतरले, शामकलाचा खांदा धरून तिला उठवलं, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि तिच्यासमोर खाली बसले. मग फादरकडे वर बघून म्हणाले, "डालो पानी."

 फादर कुरियाकोसनी शामकलाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि पाणी ओतलं. मामांनी तिचे पाय पुसले. सवयीनं त्यांनी डोकंही टेकलं. मागच्या बायकांमधून कोणीतरी हुंदका दिला, आणि मी, जिचा या देवाशी काही संबंध नाही, तीही रडले. शामकला मात्र रडत नव्हती. ती भीतीनं ताठ बसली होती. घरी येताना स्कूटीवर ती एकच वाक्य बोलली, "गेला, अल्का. वर्ग गेला."

तक्रार झालीच. या वेळी मामांनी केली नाही. रेल्वेतल्या कोणा साहेबांनी केली. मे महिन्यात वरून एक वयस्कर फादर चौकशीला आले. चर्चच्या हॉलमध्ये कूलर नुसता आवाज करत होता. शामकला सकाळपासून काही न खाता तिकडे निघाली. मी सोबत गेले आणि मला कोणी बाहेर जा म्हटलं नाही, म्हणून आतच बसले.

वयस्कर फादरनी शांतपणे विचारलं, ही कल्पना कोणाची होती? शामकला उभी राहून म्हणाली, "चूक माझी. मी टॉवेल घ्यायला नको होता." फादर कुरियाकोस म्हणाले, टॉवेल मी दिला. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि टिकाराममामा पुढे आले. शामकलानं डोळे मिटून घेतले. मामा बोलणार म्हणजे काय बोलणार, हे तिला चार वर्षांपूर्वीच कळलेलं होतं.

"मी बसवलो तिले," मामा म्हणाले. "ना तिनं मांगितलं, ना फादरनं सांगितलं. माही भाची आहे. भाची माहे पाय पुसंल अना मी पुसून घेईन? तुमच्या नियमात नसंल लिवलं, पर आमच्यात ते पाप आहे."

"पण टिकारामजी, खुर्चीवर बाई बसू नये, ही मागची तक्रार तुमचीच होती."

"होती. आताबी तेच म्हणतो."

"मग?"

मामांनी डोकं खाजवलं. "मंग असं करा ना. या साली अकराच माणसाचे पाय धुतले म्हणून धरा. बारावा मी होतो, मी उठलो. त्या जाग्यावर भाची होती, तिचं मी पाहून घेईन. देवानं विचारलं त सांगीन. पर यासाठी तिचा क्लास कायले बंद करता? माही घरची बी जाते तिथं."

ही बातमी मामांना माहीत आहे, हे शामकलाला माहीत नव्हतं. मामी चोरून यायची, असा सगळ्यांचा समज होता.

 वयस्कर फादरांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. चष्मा काढून डोळे पुसत त्यांनी फादर कुरियाकोसना सांगितलं, "पुढल्या वर्षी हात मोडून घेऊ नका." आणि शामकलाकडे वळून म्हणाले, "वर्ग चालू ठेवा. बंद करण्यासारखं मला इथे काही दिसत नाही."

हॉलच्या बाहेर आल्यावर शामकला पायरीवर मटकन बसली. भर उन्हात. चार वर्षं दाबून ठेवलेला श्वास तिनं तिथे सोडला असावा, कारण ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "भूक लागली." समोरच्या हातगाडीवरून आम्ही समोसे आणले. मामाही उभ्या उभ्या खात होते. ती त्यांना म्हणाली, "मामा, म्हणजे आता तुमाले पटलं?"

"काय पटलं? काही पटलं नाही," मामा तोंडात समोसा असतानाच म्हणाले. "बाईनं खुर्चीवर बसू नये. तुही गोष्ट अलग आहे. तू भाची आहेस."

"चर्चमधली कोणती बाई कोणाची भाची नाही, सांगा बरं."

मामा चावायचे थांबले. त्यांनी विचार केला, खरोखर केला, मला त्यांच्या कपाळावर दिसला. मग ते म्हणाले, "ऊन लय आहे, जातो मी." आणि सायकल काढून निघाले.

पुढच्या शनिवारी मी तिच्या मागे स्कूटीवर बसून दवनीवाड्याला गेले. मला ते अंगण जागेवर आहे की नाही, हे माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. होतं. चटया अंथरल्या होत्या, कुसुमबाईनं माठ भरून ठेवला होता आणि नेहमीपेक्षा जास्त बायका आल्या होत्या. सगळ्या एकदम बोलत होत्या. शामकलाच्या चेहऱ्यावरचा तो ताण, जो मला तिचा चेहराच वाटायला लागला होता, तो गेला होता. मला इतकं हलकं वाटलं की मी चटईवर पाय पसरून बसले.

गोष्ट सांगायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात भिंतीपाशी बसलेली निर्मलाबाई म्हणजे टिकाराममामांची बायको बोलली. इतक्या वर्षांत ती वर्गात एकदाही बोलली नव्हती.

"भाचीचे पाय धुतले, चांगलं झालं," ती म्हणाली. "परातीत पाणी मीच आणून देतो दर दिवाळीले. पर माहे पाय कोण धुवंल? भाचीनं हात लावला त पाप. नवऱ्यानं लावला त गाव हासंल. मंग माहे कोण धुवंल?"

  पुण्याला शामकलानं जेवढं वाचलं, त्यात मामी कुठेच नव्हती, असं तिनं मला नंतर सांगितलं. ती उठू लागली आणि थांबली, कारण तिचा हात तर चालणारच नव्हता.

कुसुमबाई उठली. माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि मामीसमोर येऊन बसली.

"आण इकडं पाय," ती म्हणाली.

मामीनं लाजून लुगडं घोट्यावर ओढलं, मग सोडलं, आणि उन्हाळाभर मोहफुलं वेचून काळे पडलेले आपले दोन्ही पाय पुढे केले.